लंडनच्या लिलावात एलिचपूरचे रुपये आहेत, पण पैसे भरायचे कसे?

पूर्णाकाठ (ता. दर्यापूर, जि. अमरावती)

नमस्कार मंडळी. लंडनच्या एका लिलावघराच्या पुढच्या महिन्यातल्या विक्रीत भारतीय नाण्यांचा मोठा विभाग आहे. त्यात एलिचपूर टांकसाळीच्या पाच चांदीच्या रुपयांचा एक लॉट आहे, अंदाज 400 ते 600 पौंड. एलिचपूर म्हणजे आपलं अचलपूर, आपलीच नाणी आहेत, बोली लावायची मनापासून इच्छा आहे. पण अटी वाचल्या आणि अडकलो.

नवीन परदेशी ग्राहकाकडून कार्ड घेत नाहीत, फक्त बँक ट्रान्सफर. पैसे नोंदणी केलेल्या माणसाच्याच नावाच्या खात्यातून आले पाहिजेत, तिसऱ्याच्या खात्यातून आले तर परत पाठवतात. बिल निघाल्यापासून 14 दिवसांत पूर्ण रक्कम त्यांच्या खात्यात जमा झाली पाहिजे. वरून ओळख आणि पत्त्याचे पुरावे आधी मंजूर करून घ्यायचे.

माझं एक खातं जिल्हा मध्यवर्ती बँकेत आहे, दुसरं तालुक्यातल्या राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत. त्या शाखेत विचारलं तर "इथून परदेशात पैसे जात नाहीत" असं सरळ उत्तर मिळालं. भाचा अमेरिकेत नोकरीला आहे, तो म्हणतो मामा मी भरतो, तुम्ही मला इथे रुपये द्या. चालेल का? आणि नाही चालत तर मार्ग कोणता?

---

शाखा_ते_स्विफ्ट

पहिले भाच्याचं. नाही चालत, आणि दोन्हीकडून नाही चालत. लिलावघर तर ते पैसे परत करेलच, कारण बोलीदार तुम्ही आणि खातेदार भाचा. पण समजा नजरचुकीने घेतले, तरी इथे तुम्ही त्याला रुपये देणं म्हणजे बँकेला बाजूला ठेवून परदेशातलं देणं भागवणं. परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या कलम 3 मध्ये नेमकं हेच मना आहे. रक्कम लहान आहे, घरातलाच माणूस आहे, याने काही फरक पडत नाही. भाच्याला स्वतःला नाणी घ्यायची असतील तर त्याने स्वतःच्या नावाने नोंदणी करावी, तो वेगळा व्यवहार.

आता बँक. जिल्हा मध्यवर्ती बँकेचं खातं या कामाला विसरा. परदेशी पैसे पाठवायला रिझर्व्ह बँकेचा अधिकृत व्यापारी परवाना असलेली बँक लागते. राष्ट्रीयीकृत बँकेकडे तो असतो, पण प्रत्येक शाखेकडे ते काम नसतं. "इथून जात नाहीत" याचा अर्थ "या टेबलावरून जात नाहीत" एवढाच घ्या. तुमची शाखा अर्ज घेऊन तो बँकेच्या परकीय चलनाचं काम पाहणाऱ्या मोठ्या शाखेकडे पाठवू शकते, आपल्या भागात बहुधा अमरावती नाहीतर नागपूर. शाखाधिकाऱ्याला विचारायचा प्रश्न असा: "आपल्या बँकेची जवळची बी-कॅटेगरी शाखा कोणती, आणि माझा आयातीपोटी पैसे पाठवायचा अर्ज तिकडे कोण पाठवेल?" नुसतं "परदेशात पैसे पाठवायचे आहेत" म्हटलं की समोरचा हात झटकतो, कारण त्याने ते काम कधी केलेलं नसतं.

कागद असे लागतात: आयातीपोटी पैसे पाठवायचा बँकेचा अर्ज, पॅन, लिलावघराचं बिल (त्यावर तुमचं नाव बँकेत आहे तसंच), त्यांचा आयबॅन (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) आणि स्विफ्ट (बँकांची आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणा) कोड, आणि वस्तू स्वतःच्या संग्रहासाठी घेत आहे असं साध्या कागदावरचं पत्र. स्वतःच्या वापरासाठीच्या आयातीला आयात-निर्यात कोड (आयईसी) लागत नाही, हे पत्रात एका ओळीत लिहाच. नाहीतर अमरावतीहून "आयईसी जोडा" असा शेरा मारून फाइल परत येते आणि चार-पाच दिवस जातात.

हेतू कोड, म्हणजे पैसे कशासाठी जातात ते बँकेला सांगणारा कोड, हा सगळ्यात नाजूक भाग आहे. वस्तू अजून यायची आहे आणि पैसे आधी जातात, म्हणून एस0101, म्हणजे आयातीपोटी आगाऊ रक्कम. माल आल्यावर बिल भागवायचं असतं तर एस0102. लिलावात दुसरा प्रकार जवळजवळ येतच नाही. बऱ्याच बँकांच्या मोबाइल ॲपमध्ये परदेशी पैसे पाठवायची सोय असते, पण तिथल्या यादीत शिक्षण, भेट, नातेवाइकांचा सांभाळ, प्रवास एवढेच हेतू दिसतात. त्यातला "भेट" निवडून काम उरकायचा मोह होतो. ते करू नका. बँकेकडे खोटं घोषणापत्र जातं, आणि पार्सल कस्टममध्ये अडकलं की पैसे कशाचे गेले ते दाखवायला तुमच्याकडे काहीच राहत नाही.

टीसीएसची, म्हणजे पैसे पाठवताना बँक वरून वसूल करते त्या कराची, भीती घालणारे भेटतील. योग्य आयात कोडखाली रक्कम गेली तर तो प्रश्न येत नाही. शाखेने ती उदारीकृत प्रेषण योजनेखाली (व्यक्तींनी परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) टाकली तरी 1 एप्रिल 2025 पासून एका आर्थिक वर्षात 10 लाख रुपयांपर्यंत टीसीएस नाही. परदेशी रकमेसाठी सीएचं प्रमाणपत्र मागतात, त्याचंही तसंच: ज्या रकमांना ते लागत नाही त्यांच्या यादीत वस्तूच्या आयातीची आगाऊ रक्कम आहे.

---

शाखा_ते_स्विफ्ट

खर्चाचं वरच्यात राहिलं, म्हणून वेगळं लिहितो. खरा घोटाळा इथेच होतो.

समजा 600 पौंडांना लॉट सुटला. त्यावर बायर्स प्रीमियम (लिलावघर खरेदीदाराकडून वरून घेतं तो आकार), समजा 24 टक्के, म्हणजे 144. टपाल आणि विमा 35. एकूण 779 पौंड. बँकेचा त्या दिवसाचा विक्री दर समजा 115 रुपये धरला तर 89,585 रुपये. बँकेचा दर आणि इंटरनेटवर दिसणारा दर यात फरक असतो, बोलीची कमाल ठरवताना बँकेचा दरच धरा. चलन बदलाच्या सेवेवर जीएसटी लागतो: एक लाखापर्यंत रकमेच्या 1 टक्का हे सेवेचं मूल्य मानतात आणि त्यावर 18 टक्के, म्हणजे इथे साधारण 161 रुपये. ती रक्कम किरकोळ आहे. बँकेचं कमिशन आणि स्विफ्टचा आकार वेगळा.

पण मध्यस्थ बँक मधेच पैसे कापते, तो डाव लक्षात ठेवा. फॉर्मवर शुल्काचे तीन पर्याय असतात: ओयूआर (सगळं शुल्क पाठवणाऱ्यावर), एसएचए (दोघांत वाटून), बीईएन (घेणाऱ्यावर). काही खूण केली नाही तर बहुतेक शाखा एसएचए टाकतात. मग 779 निघतात आणि लंडनला समजा 761 पोचतात. लिलावघराच्या हिशेबात बिल अपुरं भरलेलं राहतं, लॉट रोखून धरतात, आणि उरलेल्या 18 पौंडांसाठी पुन्हा पूर्ण स्विफ्ट करायची वेळ येते. दुसऱ्यांदाही एसएचएच असेल तर त्यातूनही कापणार. म्हणून "ओयूआर"वर खूण करा आणि शाखेकडून ती लेखी पाहून घ्या. सगळा भार पाठवणाऱ्यावर येतो, थोडं महाग पडतं, पण पूर्ण रक्कम पोचायची खात्री त्याच मार्गाने सगळ्यात जास्त.

संदेशाच्या रकान्यात बिल क्रमांक आणि बोलीदार क्रमांक दोन्ही हवेत. ते नसतील तर पैसे पोचूनही त्यांच्या हिशेबात "कोणाचे?" म्हणून पडून राहतात.

पैसे गेल्यावर स्विफ्ट प्रत मागून घ्या. त्यावर यूईटीआर नावाचा 36 चिन्हांचा क्रमांक असतो. तो लिलावघराला मेल केला की त्यांची बँक पैसे कुठे अडले ते पाहू शकते. मुदतीच्या शेवटच्या दिवशी पैसे वाटेत असतील तर हाच क्रमांक तुमच्या बाजूचा पुरावा.

---

टांकसाळ_शोध

लिलावघराची बाजू सांगतो, म्हणजे अटी आडमुठेपणाच्या वाटणार नाहीत.

कार्ड का नको, तर ग्राहकाने महिन्या-दोन महिन्यांनी बँकेकडे तक्रार केली की रक्कम उलटी फिरते, आणि तोवर नाणं समुद्रापार गेलेलं असतं. परदेशी नवीन ग्राहकाच्या बाबतीत ही जोखीम ते घेत नाहीत. काही घरं ठरावीक रकमेपर्यंत कार्ड घेतात, म्हणून अटींमध्ये तो आकडा शोधून पाहा. घेत असतील तर तुमच्या कार्डावर परदेशी व्यवहार आधी सुरू करून ठेवा. 2020 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवीन कार्डावर ही सोय बंद असते. कार्डाचा परदेशी चलन आकार साधारण 2 ते 3.5 टक्के आणि त्यावर जीएसटी, तोही धरा. लहान रकमेला तरीही कार्ड स्वस्त पडू शकतं, कारण स्विफ्टचा खर्च रकमेप्रमाणे कमी होत नाही.

तिसऱ्याच्या खात्याला नकार हा मनी लाँडरिंगविरोधी नियमांमुळे. ब्रिटनमध्ये 10 जानेवारी 2020 ला कलावस्तूंच्या बाजारातल्या व्यावसायिकांना 10,000 युरो किंवा त्याहून मोठ्या व्यवहारात ग्राहकाची ओळख तपासणं सक्तीचं झालं. तुमचा लॉट त्याच्या पुष्कळ खाली आहे, पण बरीच घरं सगळ्यांना एकच चाळणी लावतात. मोठ्या शहरातल्या संग्राहकाला याचा त्रास कमी होतो. त्याच्याकडे इंग्रजी कागद असतात, परकीय चलनाची शाखा घराजवळ असते. तालुक्याच्या गावातला जाणकार मात्र बोली लावण्याआधीच मागे सरतो, आणि ज्या भागातली नाणी आहेत तिथलाच माणूस खोलीत नसतो. मला हे फार लागतं. एलिचपूरच्या नाण्यावरचं अर्धवट टांकसाळ-नाव कोणी ओळखायचं, तर इथल्याच अभ्यासकाने.

म्हणून कागदांची तयारी आजच सुरू करा. गावात नेमकं काय अडतं ते सांगतो.

ओळखीला पासपोर्ट सगळ्यात बरा. पत्त्याला महावितरणचं बिल चालत नाही असं नाही, पण ते बहुधा वडिलांच्या नावाने आणि मराठीत असतं, त्यामुळे परत येतं. ग्रामपंचायतीचा दाखला तिकडे कोणाला कळत नाही. राष्ट्रीयीकृत बँकेचं तीन महिन्यांच्या आतलं इंग्रजी खातेउतारा-पत्रक, शिक्का-सहीसह, त्यावर पूर्ण पत्ता आणि पिनकोड: हा कागद सगळ्यात चांगला चालतो, कारण पैसेही त्याच खात्यातून येणार असतात.

नावाचा क्रम जुळवा. पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात, नाव आणि वडिलांचं नाव दुसऱ्या रकान्यात. बँकेत सगळं एका ओळीत. पॅनवर कधी कधी वडिलांचं नाव फक्त आद्याक्षराने. आपल्याला तो एकच माणूस दिसतो, तपासणाऱ्या संगणकाला तीन दिसतात. नोंदणी करताना बँकखात्यावर जसं नाव आहे तसंच लिहा आणि मेलमध्ये कळवून ठेवा की पासपोर्टवर नाव वेगळ्या पद्धतीने आहे. आधार पाठवायचीच वेळ आली तर पहिले आठ अंक झाकलेली प्रत पाठवा.

---

पूर्णाकाठ

खूप आभार. दोन शंका उरल्या. एक, फाइल अमरावतीला जाऊन यायला वेळ लागला तर 14 दिवस पुरतील का? दोन, नाणी इकडे आल्यावर कस्टमचं काय? घरी पार्सल येत नाही, मोठ्या कुरियरवाल्यांचा माणूस आमच्या गावात पोचत नाही.

---

टांकसाळ_शोध

14 दिवस पुरतात, पण लिलावानंतर सुरुवात केली तर नाही. आधी शाखेत जाऊन सगळे कागद दाखवा, जुन्या विक्रीचं एखादं नमुना बिल लिलावघराकडून मागून तेही दाखवा. म्हणजे काय कमी आहे ते आधीच कळतं. आणि बोली लावण्यापूर्वीच लिलावघराला मेल करा: मी भारतातून बँकेमार्फत पैसे पाठवणार, आमच्याकडे कागदपत्रांच्या तपासणीला वेळ लागतो, मुदत 21 दिवस द्याल का? लिलावाआधी मागितली तर बरेचदा मिळते, आणि ती लेखी मिळते. जिंकल्यावर मागितली तर टाळाटाळ वाटते. मुदत ओलांडली की व्याज, साठवणीचा आकार, आणि फारच ताणलं तर विक्री रद्द होऊन तुमचं खातं बंद. ही माहिती इतर घरांपर्यंतही पोचू शकते, मग पुढे कुठेच नोंदणी होत नाही.

दिवाळी, पोळा, महिन्याचा दुसरा-चौथा शनिवार, आणि तिकडचा नाताळ ते नववर्ष: या दिवसांत काहीच हलत नाही. तारखा ठरवताना बघा.

बोली कोणत्या संकेतस्थळावरून लावता तेही पाहा. लिलावघराच्या स्वतःच्या पानावरून लावली तर सहसा जादा आकार नसतो. मध्यस्थ मंचावरून लावली तर हातोड्याच्या किमतीवर आणखी 3 ते 5 टक्के चढू शकतात. आणि कॅटलॉगमध्ये "इलिचपूर" असंही लिहितात, दोन्ही शब्दांनी शोधा, कधी कधी दुसरा लॉट त्यातच सापडतो.

---

वर्धेकर_कस्टम

कस्टमचं मी सांगतो. पूर्णाकाठ भाऊ, हे बोली लावायच्या आधीच लिलावघराला लिहून द्या.

कस्टमच्या वस्तूंच्या यादीत नाण्यांचं वर्गीकरण दोन ठिकाणी होऊ शकतं. 7118 हे साध्या नाण्यांचं शीर्षक, आणि 9705 हे संग्राहकांच्या वस्तूंचं. शंभर वर्षांहून जुन्या नाणकशास्त्रीय वस्तूंसाठी 9705 मध्ये 970531 असा वेगळा उपविभाग आहे. तुमचे रुपये त्यात बसतात. बिलावर आणि पार्सलवरच्या घोषणेत लिलावघराने हे लिहायला हवं: पाच चांदीची नाणी, एलिचपूर टांकसाळ, काळ अमुक, शंभर वर्षांहून जुनी, संग्राहक वस्तू, 970531, लॉट क्रमांक अमुक. नुसतं "कॉइन्स" किंवा "गिफ्ट" लिहिलं की गडबड. मग पार्सल 9804 खाली, म्हणजे वैयक्तिक वापराच्या सर्वसाधारण वस्तू म्हणून, आकारलं जातं आणि कर जास्त बसतो. 9705 मधल्या नाण्यांवर आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) 5 टक्के, मूळ सीमाशुल्क वेगळं. किंमत बिलावर आहे तीच लिहायची. कमी लिहून घ्या असं सांगू नका, कारण बँकेतून गेलेला आकडा आणि घोषित आकडा जुळला नाही तर माल जप्तीच्या वाटेवर जातो, आणि विमाही घोषित किमतीचाच मिळतो.

सोन्याची नाणी असतील तर गोष्टच वेगळी. सोन्याच्या आयातीवर निर्बंध आहेत, कस्टम ब्रोकरशी लेखी बोलल्याशिवाय त्या लॉटला हात लावू नका.

पाठवायचा मार्ग: बऱ्याच कुरियर कंपन्या नाणी आणि नोटा घेतच नाहीत, त्यांच्या मनाई यादीत असतात. लिलावघर कोणामार्फत पाठवतं ते आधी विचारा. नोंदणीकृत, विमा केलेलं टपाल हा आपल्या गावांसाठी सगळ्यात बरा मार्ग, कारण पोस्ट ऑफिस गावात असतंच. कुरियरने आलं आणि तुमचा पिनकोड त्यांच्या यादीत नसला तर पार्सल अमरावती किंवा अकोल्याच्या केंद्रावर पडून राहतं, थोडे दिवस वाट पाहून परत जातं. मग पत्ता म्हणून शहरातल्या नातेवाइकाचं घर द्यावंसं वाटतं. देता येतं, पण घेणाऱ्याचं नाव तुमचंच ठेवा, "मार्फत" लिहून. नाव बदललं की बँकेच्या कागदाशी मेळ बसत नाही. कुरियर कंपनी सोडवण्याआधी मेलवर ओळखीचे कागद मागते, तो मेल स्पॅममध्ये गेला की पार्सल आपलं तिथेच, आणि कोणी फोन करून सांगत नाही. रोज बघा.

आल्यावर शेवटचं काम उरतं, आणि बहुतेक लोक ते विसरतात. पैसे आगाऊ गेले होते, म्हणून बँकेला माल आल्याचा पुरावा द्यावा लागतो. कुरियरने आलं तर कुरियर बिल ऑफ एंट्री (आयातीची कस्टममधली नोंद), टपालाने आलं तर पोस्टल अप्रेझल फॉर्म किंवा कस्टमचं आकारणी प्रमाणपत्र. सर्वसाधारण नियम असा की आगाऊ रकमेपासून सहा महिन्यांत माल यायला हवा. पुरावा न दिल्यास ती नोंद उघडी राहते आणि पुढच्या वेळी त्याच शाखेतून पैसे पाठवताना अडवणूक होते. प्रत देऊन पोच घ्या.

---

चिखलदऱ्याचा_वारा

हे सगळं पटते, पण पाच रुपयांच्या लॉटसाठी एवढी धावपळ नको असेल तर दुसरा एक रस्ता सांगून ठेवतो. लंडनमध्ये, तसेच कॅलिफोर्नियात जिथे इस्लामी आणि भारतीय नाण्यांचेच मोठे लिलाव होतात तिथे, कमिशनवर बोली लावणारे व्यावसायिक एजंट असतात. ते स्वतःच्या खात्यातून भरतात, नाणी पाहून अवस्थेचा खरा अहवाल देतात, आणि तुम्हाला स्वतःचं बिल देतात. तुम्ही त्या बिलावर बँकेतून पैसे पाठवता. भाच्याच्या गोष्टीत आणि याच्यात फरक हाच, की इथे रक्कम बँकेतूनच परदेशात जाते आणि बिलावर तुमचं नाव असते. कमिशनचा टक्का आणि तुमची कमाल बोली, दोन्ही आधी मेलवर लेखी घ्या भाऊ. आणि एजंटने माल स्वतः निर्यात केला पाहिजे, नाहीतर लंडनच्या खरेदीला तिकडचा व्हॅट बोडक्यावर बसते. ओळखीच्या माणसाने लॉट हातात घेऊन बॅगेतून आणतो म्हटलं तरी तोच व्हॅट, वरून विमानतळावर लाल मार्गाने जाहीर करावं लागते.

मुंबई-बंगळुरूच्या लिलावांमध्येही एलिचपूरची नाणी येऊन राहिली आहेत. तिथे आरटीजीएसने भागते. फक्त रोखीने 2 लाख किंवा त्याहून जास्त देऊ-घेऊ नका, आयकर कायद्यात मनाई आहे.

---

पूर्णाकाठ

टपालाने मागवतो, ओयूआरने भरतो, आणि उद्याच शाखेत नमुना बिल घेऊन जातो. शेवटचा प्रश्न: पुढे कधी ही नाणी परत लंडनच्याच लिलावात विकायची झाली तर?

---

वर्धेकर_कस्टम

ते जवळपास बंद समजा, आणि याचा विचार बोलीची कमाल ठरवताना करा. पुरावशेष आणि कलासंपदा कायदा 1972 प्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेषात मोडते, आणि तिची निर्यात खासगी माणसाला करता येत नाही. ती बाहेरूनच विकत आणली होती, बिल आहे, कर भरला आहे, याने वस्तूचं वय बदलत नाही. देशात विकायला मोकळीक आहे. म्हणून तिकडच्या किमतीचा अंदाज धरून "पुढे तिथेच विकू" असा हिशेब करू नका, इथल्या लिलावांतले सुटलेले भाव धरा.

लिलावघराचं बिल, स्विफ्ट प्रत, कस्टमचा कागद आणि कॅटलॉगचं पान एका लखोट्यात ठेवा आणि त्यावर लॉट क्रमांक लिहा. आपल्या भागात शेतात, गढीत नाणी सापडतात आणि त्यांना 1878 चा निखात निधी कायदा लागतो, सापडल्यावर कळवणं सक्तीचं आहे. उद्या कोणी विचारलं की हे एलिचपूरचे रुपये अचलपूर तालुक्यातून निघाले का, तर ते लंडनहून रीतसर विकत घेतले आहेत हे दाखवायला त्या लखोट्याशिवाय दुसरं काही नसेल.